न पाहिलेल्या गावांचा वाटाड्या

१८ ऑक्टोबर १९७८, बुधवार. सोलापूर

शाळा सुटल्यावर परस्पर नव्या पेठेत मल्लप्पाच्या कचेरीत गेलो. कचेरी म्हणजे कापडाच्या दोन दुकानांमधल्या जिन्याखालची जागा. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर तिरुपती, रामेश्वर आणि काशी. बारा वर्षे मल्लप्पा यात्रेच्या गाड्या नेतो आहे. या दिवाळीच्या सुटीत तो पहिल्यांदाच देव सोडून सहल काढतो आहे: चितोड, उदेपूर, जोधपूर, जैसलमेर. सतरा दिवस. स्थळांची माहिती सांगायला त्याला इतिहासाचा मास्तर हवा होता. तो मी.

हँडबिलाचा कच्चा छाप त्याने पुढे केला. "तुमचं शुद्धलेखन पक्कं, सर. जरा नजर फिरवा."

चार चुका काढल्या. मग तळाच्या ओळीवर पेन्सिल थांबली. "सोबत संपूर्ण राजस्थान अनेकवार पाहिलेले अनुभवी मार्गदर्शक श्री. जालिंदर सर, बी.ए., बी.टी."

मी राजस्थान एकदाही पाहिलेला नाही. उत्तरेकडे माझी धाव औरंगाबादपर्यंत, तीही कॉलेज तिथे होते म्हणून. चितोडचे तीन वेढे मात्र एकोणीस वर्षे शिकवतो आहे. मल्लप्पाने मागे विचारले होते, "राजस्थान झालंय न्हवं तुमचं?" तेव्हा मी नुसता हसलो होतो. त्या हसण्याची ही छापील ओळ झाली.

"काय विचार करायलाव सर? अजून चूक हाय का?"

"नाही. आता चूक नाही."

हे वाक्य मी उच्चारले, याची इथे नोंद करून ठेवतो.

घरी चांगुणाला सांगितले. ती महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिका आहे. कुठलेही दुखणे दोन प्रश्नांत ओळखते. म्हणाली, "मग सांगा की त्याला."

"सांगितलं तर तो दुसरा माणूस बघेल."

"म्हणजे जायचंय तुम्हाला."

होय. जायचे आहे. फार जायचे आहे. वयाची चव्वेचाळीस वर्षे झाली, आणि ज्या किल्ल्यांचे दरवाजे मी पोरांना ओळीने पाठ करायला लावतो, त्यातल्या एकाचीही सावली अंगावर पडलेली नाही.

२९ ऑक्टोबर, रविवार

टिपणे पूर्ण. चौऱ्याऐंशी पाने, वहीला तपकिरी कव्हर. प्रत्येक किल्ल्याचा नकाशा काढला. विजयस्तंभाच्या पायऱ्या एकशे सत्तावन्न. हे असे तोंडपाठ असले की पाहिल्यासारखेच नाही का? नाही. पण अगदीच न पाहिल्यासारखेही नाही.

चांगुणाने वही चाळली. तीही येणार आहे. "तुम्ही बघून याल आणि मला वहीतनं सांगाल, ते जमायचं नाही," असे तिने पहिल्याच दिवशी ठरवून टाकले होते.

"यात बायकांची सोय कुठं कुठं आहे ते लिहिलंय का?"

"इतिहासाच्या पुस्तकांत ते नसतं."

"म्हणूनच इतिहासात बायका कमी दिसतात," ती म्हणाली आणि चकल्या तळायला गेली.

४ नोव्हेंबर, शनिवार. धुळे

पहाटे पाचला नव्या पेठेतून निघालो. चाळीस माणसे. टपावर कडक भाकरीचे सहा पत्र्याचे डबे, शेंगाचटणीचे दोन, आणि चादरींचे ढीग. वाळवंटात थंडी असते असे मी हँडबिलात घातले होते. सोलापूरचा माणूस एका चादरीवर भागवत नाही. नरसय्या म्हणून एक विणकर आहेत, त्यांचे स्वतःचे चार माग आणि एक छोटे दुकान आहे. त्यांनी वीस चादरींचा गठ्ठाच आणला आहे. जोधपूरच्या व्यापाऱ्यांना दाखवायला.

टेंभुर्णीला रंभाबाई चढल्या. वय पासष्टच्या पुढे, हातात काठी, पाठीमागे हमालाच्या डोक्यावर नारळांचे पोते. मल्लप्पाबरोबर त्यांच्या तीन यात्रा झाल्या आहेत.

"रंभाबाई, मी सांगितलं होतं की. ही देवाची गाडी न्हाय."

"देव न्हाय? मग येवढं लांब जायाचं कशाला?"

"बघायला."

"मग बघू की. बगायला ग्येल्यावर देव काय लपून बसतोय व्हय? पोतं घ्या वर."

मल्लप्पाने माझी ओळख करून दिली. रंभाबाईंनी ऐकले, उठल्या आणि थेट माझ्या पायाशी वाकायला लागल्या. क्षेत्राच्या ठिकाणी माहिती सांगणाऱ्याच्या पाया पडायचे, ही त्यांची रीत. मी मागे सरलो. म्हणालो, "आजी, आम्ही बौद्ध. मी पाया पडून घेत नाही."

त्यांनी वर पाहिले. "बरं. मग हात द्या. वाकले ती उटाया नगं का?"

हात दिला. दिवसभरात तो त्यांनी चढताना-उतरताना अकरा वेळा मागितला.

"मास्तर, तिकडचं समदं तुमाला पाठ हाय म्हनं?"

"पाठ आहे," मी म्हणालो. हे तरी खरे होते.

चालक सिद्धाराम अक्कलकोटकडचा. मल्लप्पाशी कानडीत बोलतो, माझ्याशी बोलतच नाही. मला वाटते, त्याला मी पसंत नाही. मात्र माणूस कमालीचा काळजीवाहू. धुळ्याजवळ जिथे जिथे रस्त्याला फाटा आला, तिथे त्याने गाडी थांबवली, "टायर बघतो" म्हणाला, आणि टायरला एक लाथ घालून चहाच्या टपरीकडे गेला. यात्रेच्या गाडीला असाच माणूस हवा.

७ नोव्हेंबर, मंगळवार. चितोडगड

आज काय लिहू?

सातवा दरवाजा ओलांडून गाडी वर आली आणि विजयस्तंभ दिसला. मी उतरलो. माझ्या मागे चाळीस माणसे उतरली असणार. वही काखेत होती. पहिले वाक्य तयार होते, "हा नऊ मजली स्तंभ राणा कुंभाने..." ते आलेच नाही. दगड इतका मऊ असतो हे कुठल्याही पुस्तकात नव्हते. किती वेळ गेला कोण जाणे. भानावर आलो तेव्हा सगळे माझ्याभोवती गप्प उभे होते. मल्लप्पा काही बोलणार, तेवढ्यात रंभाबाई त्याला म्हणाल्या, "गप रं. मास्तरांचं बगून हू दे आदी."

हा त्यांचा मोठेपणा. शिक्षकाबद्दल खेड्यात अजून आदर आहे.

पायऱ्या चढताना मोजल्या. एकशे सत्तावन्न भरल्या. इतका आनंद मला बी.टी.च्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

दुपारी पद्मिनीच्या महालापाशी बसून गोष्ट सांगितली. आरसा, वेढा, शेवटची चिता. चांगली सांगितली असावी. रंभाबाई पदराने डोळे पुसत होत्या, नरसय्या दुसरीकडे बघत होते. आणि मग मला राहवले नाही. सांगून टाकले की ही हकीकत त्या वेढ्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या एका काव्यात पहिल्यांदा येते. त्या काळचा पुरावा नाही.

रंभाबाईंचा पदर खाली आला. "येवढं रडिवलंसा आन् आता म्हनता झालंच न्हाय?"

"झालं नाही असं म्हणत नाही, आजी. पुरावा नाही असं म्हणतो."

"पुरावा कुटनं येईल? समद्या जळून ग्येल्या की."

मी वही मिटली.

पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वेगळेच बोचू लागले. पावणेसातशे वर्षांपूर्वीच्या राणीचा पुरावा मागणारा मी. आणि सव्वीस दिवसांपूर्वीच्या... चुकलो, वीस दिवसांपूर्वीच्या माझ्या ओळीचे काय?

शिवाय आज बायकांची फार आबाळ झाली. गडावर सोय कुठे आहे ते मला सांगता येईना. शेवटी चांगुणाने पहारेकऱ्याच्या बायकोला गाठले आणि सगळ्यांना घेऊन गेली. परत आल्यावर माझ्याकडे एक कटाक्ष टाकला.

९ नोव्हेंबर, गुरुवार. उदेपूर

तलाव. काही न लिहिलेलेच बरे.

फक्त एक. बोटीतून उतरताना रंभाबाईंनी विचारले, "मास्तर, फुडं काय हाय?" मी म्हणालो, "उद्या हळदीघाट." "तितं काय हाय?" "तिथे माती पिवळी आहे, हळदीसारखी." "खरंच पिवळी?" आणि माझ्या तोंडून निघून गेले, "बघू या."

चटकन जीभ चावली. कोणाच्या लक्षात आले नाही असे वाटते. रंभाबाई तर तोंडाला पदर लावून खोकत होत्या. त्यांना तलावाची हवा बाधलेली दिसते. चांगुणाला सांगून काढा द्यायला हवा.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

माती पिवळी आहे!

चेतकाच्या समाधीपाशी रंभाबाईंनी नारळ फोडला. आतापर्यंतचा सहावा. मी म्हणालो, "आजी, हे देऊळ नाही. इथे घोडा पुरलाय."

"ठावं हाय. तुमीच सांगितलं की, पाय मोडला तरी धन्याला न्हेलं म्हून. आमच्या घरी राजा बैल हुता. त्येला म्या असंच पुरलं, आन् नारळ फोडला. मानसापरीस जनावराला फोडल्याला बरा."

खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. खाल्ला. मी नारळ फोडत नाही. पण घोड्याचा प्रसाद नाकारायला काही तात्त्विक आधार सापडेना.

१२ नोव्हेंबर, रविवार. जोधपूर

किल्ल्याच्या एका दरवाज्यात भिंतीवर हातांचे ठसे आहेत. सती जाताना राण्यांनी उमटवलेले. मी तारखा सांगत होतो. चांगुणा पुढे झाली आणि तिने आपला पंजा एका ठशाशेजारी, भिंतीला न लावता, धरला. ठसा तिच्या हातापेक्षा बराच लहान होता.

"चौदा-पंधरा वर्षांची असेल," ती म्हणाली. रोज पोरींचे हात धरून नाडी बघणारी बाई. तिचा अंदाज चुकायचा नाही.

कोणीतरी रंभाबाईंच्या पिशवीतला नारळ काढून पुढे केला. त्यांनी तो परत पिशवीत घातला. "हितं न्हाय फोडायचा."

मी तारखा सांगायच्या थांबवल्या.

नरसय्यांच्या चादरी बाजारात कोणी घेतल्या नाहीत. व्यापारी म्हणाला, "जाड आहेत." नरसय्या दुखावले आहेत. "जाड हाय म्हणे. चादर जाड नसायची तर काय, पापड हाय का?"

१४ नोव्हेंबर, मंगळवार. जैसलमेर

कालचे सगळे आज सविस्तर लिहितो, कारण हे विसरायचे नाही.

काल सकाळी जोधपूर सोडले. पोकरणला जेवलो. तिथून पुढे दोन्हीकडे नुसते खुरटे झुडूप आणि आभाळ. तासाभराने रस्त्याला फाटा आला. मैलाचा दगड होता, पण वाळूने झिजून कोरा झालेला. सिद्धारामने सवयीप्रमाणे गाडी थांबवली, उतरला, टायरला लाथ घातली. मग इकडे-तिकडे पाहत राहिला. टपरी नव्हती. माणूस नव्हता. एक उंट होता.

तो माझ्या खिडकीपाशी आला. सतरा दिवसांच्या सहलीतले त्याचे माझ्याशी पहिले वाक्य, "सर, कुटलीकडं?"

सगळी गाडी माझ्याकडे पाहत होती. मल्लप्पा पुढच्या बाकावरून म्हणाला, "अरे सरांना विचारायलास काय? सर डोळे मिटून सांगतील."

मी वही उघडली. नकाशात जैसलमेर डावीकडे वर होते. फाटा माझ्या नकाशात नव्हताच. "मला माहीत नाही" ही तीन शब्दांची गोष्ट होती. मी म्हणालो, "डावीकडे."

सहा मैलांवर डांबर संपले. आठव्या मैलावर खडी संपली. त्यापुढे थोड्या अंतरावर मागची चाके वाळूत गेली आणि गाडी कुल्ल्यांवर बसलेल्या म्हशीसारखी बसली.

सिद्धारामने रेस केली तशी ती आणखी खचली. सगळे उतरले. दुपारचे साडेतीन. चहूकडे वाळू, लाटांसारखी, पिवळी. मी गाडीच्या पायरीवर चढलो.

"मंडळी, एक सांगायचं आहे. हँडबिलात छापलंय की मी राजस्थान अनेक वेळा पाहिलाय. ते खोटं आहे. मी इथं याआधी कधी आलेलो नाही. ही ओळ छापण्याआधी मी वाचली होती, आणि राहू दिली, कारण मला यायचं होतं. हा रस्ताही मी अंदाजानं सांगितला. तुम्ही इथं अडकलात ते माझ्यामुळं. मला क्षमा करा."

मग रंभाबाई वाळूत बैठक मारत म्हणाल्या, "आमाला ठावं हाय की."

"काय ठाऊक आहे?"

"तुमी बगितल्यालं न्हाय ते. पैल्या दिसापासनं."

"कसं?"

"बगितल्याला मानूस गाडी थांबली की आदी सांगतोय, पानी हिकडं, मोरी तिकडं, चपला हितं ठिवा. तुमी उतरलासा की मान वर! त्ये बी तोंड उगडं ठिवून."

आधी चांगुणा हसली. माझीच बायको! मग सगळेच. सिद्धाराम चाकापाशी उकिडवा बसला होता, तो मान न वळवता म्हणाला, "मी धुळ्यापासनं टायर बघायलोय की, सर."

"म्हणजे?"

"टपरीवर रस्ता इचारायलो होतो. तुम्हाला बरं वाटंल म्हणून टायर म्हणलं."

मला दहा दिवस टायरचे कौतुक होते.

एकटा मल्लप्पा गोंधळलेला. "बघितलं न्हाय? एकदा पण न्हाय?" असे दोनदा विचारून तो वाळूत फेऱ्या मारू लागला. मग थबकला. "जाऊ द्या सर. माझी पहिली तिरुपतीची गाडी न्हेली, तवा मी तरी कुठं बघितला होता तिरुपती? पुढच्या गाडीच्या मागं मागं गेलो. ती निघाली मद्रासला."

हशा ओसरल्यावर प्रश्न उरलाच की गाडी निघणार कशी. सिद्धारामने चाकांतली हवा थोडी कमी केली, फावड्याने वाळू ओढली. म्हणाला, चाकाखाली धरायला काहीतरी पाहिजे. फांद्या पाहिजेत, दगड पाहिजेत. दोन्ही नव्हते.

नरसय्या टपावर चढले. त्यांनी आपला गठ्ठा खाली टाकला.

"अहो, विकायच्या आहेत त्या," मी म्हणालो.

"कोण घेतं? जाड हाय म्हणतात." त्यांनी पहिली चादर झटकून चाकापुढे अंथरली, सुरकुती काढली, जशी पाहुण्यासाठी अंथरतात. "आता बघू दे जाड म्हणजे काय."

मग सगळ्यांनीच आपापल्या काढल्या. दोन्ही चाकांपुढे चादरींच्या दोन वाटा झाल्या. मोर, कमळ, चौकडी. सिद्धारामने गाडी पहिल्यात घातली. पुरुषांनी मागून रेटा दिला, आणि बायकांनी आधी नुसता ओरडून आणि मग खरोखर. गाडी हलली. चाक मोरावरून कमळावर गेले. मागची चादर मोकळी झाली की बायका ती ओढून पुढे आणून टाकत. असे तास-दीड तास चालले. दिवस मावळता मावळता गाडी टणक जमिनीवर आली.

नरसय्यांनी एकेक चादर उजेडाकडे धरून पाहिली. टायरची नक्षी उठली होती. पण फाटली एकही नव्हती, आणि रंग गेला नव्हता. घड्या घालताना ते तेलुगूत काहीतरी गुणगुणत होते.

आरडाओरडा ऐकून टेकाडाच्या पलीकडून माणसे आली होती. तिथे पाच-सात गोल झोपड्यांची वस्ती होती. आता अंधारात जाऊ नका, असे त्यांनी खुणांनी सांगितले. आम्ही तिथेच राहिलो. एका म्हाताऱ्या बाईने टाक्यावरचे लाकडी झाकण काढून आम्हाला पाणी दिले. पावसाचे साठवलेले, पुढच्या पावसापर्यंत पुरवायचे. आमच्यातल्या एकाने हात धुवायला तांब्या उचलला, तशा रंभाबाई कडाडल्या, "ठेव त्यो! बहात्तर सालचा दुकाळ इसरलास व्हय रं? ह्ये प्याचं पानी हाय. हात वाळूनं घास."

सगळ्यांनी वाळूने हात घासले.

भाकरीचे डबे उघडले. म्हाताऱ्या बाईने कडक भाकरी हातात घेतली, कडेने मोडली, आवाज ऐकला आणि हसली. मग आत जाऊन बाजरीची जाड भाकरी घेऊन आली. दोघी शेजारी बसून तासभर बोलत होत्या. एक मारवाडीत, एक टेंभुर्णीच्या मराठीत. मी मध्ये अर्थ सांगायला गेलो तर रंभाबाई म्हणाल्या, "तुमी ऱ्हावा. आमचं चाललंय."

आज सकाळी निघताना रंभाबाईंनी पोत्यातला शेवटचा नारळ काढला. मला वाटले, टाक्यापाशी फोडणार. त्यांनी तो तसाच अखंड त्या बाईच्या हातात दिला. तिने असे फळ कधी हातात घेतले नसावे. तिने ते कानाशी नेऊन हलवले. आतले पाणी वाजले. तिने पुन्हा हलवले. मग झोपडीतून पोरांना, सुनांना हाका मारल्या, आणि एकेकाच्या कानाशी धरून ते पाणी ऐकवले.

चौऱ्याऐंशी पानांत हे नव्हते.

वस्तीतला एक जण उंटावरून पुढे आला आणि त्याने आम्हाला रस्त्याला लावले. फाट्यावर उजवीकडे जायला हवे होते. बारा वाजता जैसलमेरचा किल्ला दिसला, उन्हात तापलेल्या गुळाच्या ढेपेसारखा. गाडी थांबली. मी उतरलो, मान खाली घातली आणि पहारेकऱ्याला विचारले, "पाणी कुठे आहे? बायकांची सोय कुठे?" सगळ्यांना ओरडून सांगितले.

"झालं?" रंभाबाई म्हणाल्या. "आता बगा वर."

२० नोव्हेंबर, सोमवार. सोलापूर

पोचलो. टेंभुर्णीला रंभाबाई उतरल्या तेव्हा रिकाम्या पोत्यात वाळू होती, दोन शेर. देवघरात ठेवणार म्हणाल्या. हात मागितला, उतरल्या, आणि मग हात लगेच सोडला नाही.

मनात एक गोष्ट घोळते आहे. सगळ्यांना आधीच ठाऊक होते, म्हणून माझे खोटे कमी होते का? त्यांनी हसून सोडले हा त्यांचा चांगुलपणा. माझ्या खात्यात तो धरता येत नाही. चांगुणा म्हणते, "तुम्हाला सुखानं माफीसुद्धा घेता येत नाही." तेही असेल. पण ती ओळ अजून छापलेली आहे, आणि मल्लप्पाच्या कचेरीत हँडबिलांचा गठ्ठा शिल्लक आहे.

३ डिसेंबर, रविवार

मल्लप्पाने बोलावले. भिंतीवर तिरुपती आणि काशीच्या मध्ये आता वाळूत बसलेल्या गाडीचा, सहलीतल्याच कोणीतरी काढलेला फोटो आहे. नरसय्यांच्या दुकानात त्याच फोटोखाली टायरची नक्षी उठलेली चादर टांगली आहे, आणि ती विकत मागणारे रोज येतात. ते देत नाहीत.

"उन्हाळ्यात परत राजस्थान," मल्लप्पा म्हणाला. "आता तर तुम्ही बघितलंय, सर. आता खोटं काय न्हाय."

मला आनंद व्हायला हवा होता. पण विजयस्तंभापुढे आता मी उतरेन आणि पहिले वाक्य बिनचूक म्हणेन, असे मनात आले आणि उत्साह उतरला.

तेवढ्यात जिन्याखाली काठी वाजली. टेंभुर्णीच्या गाडीने रंभाबाई आल्या होत्या, जागा धरायला.

"कुटं न्हेनार?"

"राजस्थान, आजी. पुन्हा."

"ते झालं की! मास्तर, तुमी न बगितल्यालं काय हाय?"

मी विचार केला. "दिल्ली पाहिली नाही. अमृतसर नाही. सिमला नाही. बर्फ तर कधीच नाही."

"मग तितं चला. मल्लप्पा, बगितल्यालं दाखवनारं लई हायत. ह्यांच्यासंगं बगायला बरं वाटतंय."

मल्लप्पाने कपाळावर हात मारला, पण कागद पुढे ओढला. मजकूर मीच लिहिला. दिल्ली, अमृतसर, सिमला. तळाशी ओळ घातली: "मार्गदर्शक श्री. जालिंदर यांनी यांपैकी एकही ठिकाण पाहिलेले नाही."

"असं कोणी छापतं का, सर? माणूस येईल का?"

"एक आलंय," रंभाबाई म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. "खिडकीची जागा. आन् पोत्याला टपावर."

कागद घरी आणून चांगुणाला दाखवला. तिने नीट वाचला. पेन्सिल मागितली आणि खाली, तिच्या दवाखान्याच्या केसपेपरवरच्या अक्षरात, एक ओळ वाढवली:

"गाडी थांबताच पाणी कुठे व बायकांची सोय कुठे, हे प्रथम पाहण्याचे काम सौ. चांगुणाबाई करतील. त्या वेळी श्री. जालिंदर यांना वर बघू द्यावे."

तपासले. चूक नाही.